भरली मिरची फुटू नये म्हणून

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात नव्याने नांदायला गेलेल्या ताईंनी विचारले आहे की, चुलीवर भरल्या मिरच्या करताना त्या मधोमध उकलतात, सारण कढईत सांडून करपते, जे आत राहते ते कच्चे लागते आणि घशात बसते, शिवाय मिरची इतकी जहाल होते की सासरे एका घासानंतर ती बाजूला सारतात. मेक्सिकोतील बायका मिरची जाळावर भाजून तिची साल काढतात आणि मग ती भरतात, असे त्यांनी मोबाईलवर पाहिले. आपणही तसे करावे का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही अडचणी निरनिराळ्या लिहिल्या आहेत, पण उकलणे, सांडणे आणि कच्चे राहणे या तिन्हींचे मुख्य मूळ एकच आहे आणि ते म्हणजे पाणी. शंभर ग्रॅम हिरव्या मिरचीत ८५ ते ९० ग्रॅम पाणीच असते. मिरची एकदम तापली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या शेकडो पट जागा लागते, आणि बाहेर पडायची वाट सारणाने गच्च बुजवलेली असेल तर ती मिरचीची कड फाडून निघून जाते. तेच पाणी झाकणाखाली सावकाश सुटले तर बेसन त्याच्यावर शिजते, मिरचीही शिजते आणि वेगळा पाण्याचा थेंब घालावा लागत नाही. मी गेली तीस वर्षे वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत पंगतींचा स्वयंपाक करते आहे. मसाला थोडा इकडेतिकडे झालेली भरली मिरची लोक खातात. पाणी चुकलेली मिरची मात्र ताटातच राहते.

हे शिकायला मला एक पंगत खर्ची घालावी लागली. भागवत सप्ताहाच्या समाप्तीला काल्याचे जेवण होते आणि यजमानांनी भरल्या मिरच्या सांगितल्या होत्या. सातशेच्या आसपास मिरच्या होत्या. मदतीला आलेल्या मुलींनी त्या आधी चिरल्या आणि मग धुतल्या. मी ते पाहिले, पण वेळ उरला नव्हता म्हणून काही बोलले नाही. चिरेतून पाणी आत शिरले, सारणाचा आतल्या आत चिखल झाला आणि मोठ्या कढईत मिरच्या सोडल्यावर तेल इतके उडू लागले की जवळ उभे राहता येईना. निम्म्याहून जास्त मिरच्या फाटल्या. शेवटी सगळे सराट्याने, म्हणजे उलथन्याने, मोडून त्याचा मिरचीचा झुणका केला आणि तोच वाढला. कोणी तक्रार केली नाही, परंतु यजमानीणबाईंचा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या हाताखाली मिरची अख्खी असतानाच धुतली जाते, फडक्याने एकेक पुसली जाते आणि सुती कापडावर निदान अर्धा तास पसरून ठेवली जाते. त्याआधी कोणी विळी किंवा सुरी हातात घेत नाही.

आता मिरचीच्या निवडीविषयी. आपल्याकडे मिरची म्हटले की आधी भिवापूरची आठवते. नागपूर जिल्ह्यातील त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण तिची कीर्ती वाळवलेल्या लाल तिखटासाठी आहे, भरण्यासाठी नव्हे. रोजच्या फोडणीतली बारीक, सुरकुतलेली ज्वाला मिरचीही भरायला निरुपयोगी, कारण तिच्यात सारणाला जागा नसते आणि तिखटपणा मात्र पुरेपूर असतो. भरायला भज्यांची म्हणून विकली जाते ती पोपटी, अंगठ्याएवढी जाड आणि बोटभर लांब मिरची घ्यावी. ती सरळ असावी; वाकडी मिरची चिरताना वाकलेल्या जागी हमखास तडकते. देठ हिरवा आणि घट्ट असावा, अंगाला चमक असावी. बोटांनी दाबल्यावर जी लगेच पिचते, ती शिळी समजावी. खरिपाच्या लागवडीतली मिरची पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी, चांगली मांसल आणि बेताची तिखट मिळते. उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची दिसायला तशीच असली तरी जास्त जहाल निघते, म्हणून चैत्र-वैशाखात एक मिरची आधी चाखून पाहावी आणि मगच पावशेर घ्यावी. पावशेरात, म्हणजे २५० ग्रॅममध्ये, अशा बारा ते पंधरा मिरच्या बसतात आणि चौघांच्या घराला त्या पुरतात.

चिरताना देठ काढू नये. देठाखाली बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडून चीर सुरू करावी आणि टोकाच्या तेवढीच आधी थांबवावी, एकाच बाजूने आणि पलीकडची साल न दुखावता. ही दोन्ही टोके शाबूत राहिली की मिरची होडीसारखी उघडते आणि परत मिटते. चीर टोकापर्यंत नेली तर ती तिथूनच उकलत जाते. तुमच्या मिरच्या मधोमध फाटतात याचे अर्धे कारण मला इथे दिसते. आत देठापासून खाली उतरणारी पांढरी, मऊ शीर असते आणि तिलाच बिया चिकटलेल्या असतात. तिखटपणा बियांत असतो असे बहुतेक लोक मानतात. खरे म्हणजे तिखट द्रव्य त्या पांढऱ्या शिरेत तयार होते, आणि बिया तिला लागून असल्यामुळे तिखट लागतात. म्हणून नुसत्या बिया झटकून उपयोग होत नाही. चहाच्या चमच्याच्या दांड्याने ती शीर वरपासून खालपर्यंत खरवडून काढावी. मग आतून चिमूटभर मीठ चोळावे आणि चीर खाली करून मिरच्या पंधरा मिनिटे चाळणीवर पालथ्या ठेवाव्यात. मिठाने आतले पाणी सुटते, ते निथळून जाते आणि मिरची थोडी लवचीक होते, म्हणजे भरताना तडकत नाही.

हे करताना हातांना आधी फल्लीचे, म्हणजे शेंगदाण्याचे, तेल लावून घ्यावे. मिरचीतले तिखट द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे आग सुटल्यावर हात नुसत्या पाण्याखाली धरून बसण्यात अर्थ नसतो. तेल चोळावे, वर बेसन चोळून पुसून टाकावे आणि मग साबणाने धुवावे. घरात तान्हे मूल असेल तर हे काम दुसऱ्या कोणाला सांगावे, कारण कितीही धुतले तरी नखांच्या कडेला अंश राहतो.

सारणात माझे प्रमाण वरच्या पावशेर मिरचीला असे आहे: बेसन ८० ग्रॅम, भाजलेल्या फल्लीदाण्यांचा जाडसर कूट ४० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस २० ग्रॅम, तीळ दोन चमचे, धनेपूड दोन चमचे, जिरे आणि बडीशेप प्रत्येकी एक चमचा जाडसर कुटून, अर्धा चमचा ओवा, अर्धा चमचा हळद, दोन चिमटी हिंग, दीड चमचा आमचूर, सुपारीएवढा गूळ आणि सव्वा चमचा मीठ. तिखट अजिबात घालत नाही. आमचूर नसेल तर लिंबू चालते, पण ते मिरच्या उतरवल्यावर वरून पिळावे, कारण त्याचे पाणी सारणात नको असते. चिंचेचा कोळ मी भरल्या मिरचीत घालत नाही. आणखी एक गोष्ट, आंबट पदार्थ बराच वेळ तापला की मिरचीचा हिरवा रंग जाऊन ती शेवाळी दिसू लागते. पाहुण्यांसाठी रंग राखायचा असेल तर आमचूरही निम्मे सारणात आणि निम्मे शेवटी भुरभुरावे.

बेसन कोरडेच, मंद आचेवर सहा-सात मिनिटे भाजावे. कच्चा वास जाऊन खमंग वास येईपर्यंत हात थांबवू नये, मात्र बदामी रंगापुढे जाऊ देऊ नये. करपलेल्या बेसनाचा कडवटपणा नंतर गुळानेही झाकला जात नाही. हे भाजणे टाळले, तर पाणी सांभाळूनही सारण कच्चे लागते. मिरचीच्या आत पोचणारी उष्णता आणि वाफ बेसन मऊ करायला पुरते, त्याचा कच्चेपणा घालवायला पुरत नाही. तीळ, खोबरे आणि फल्लीदाणे निरनिराळे भाजावे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा असतो. सगळे एकत्र करून त्यात दोन मोठे चमचे कच्चे तेल चोळावे. तेलाने पिठाचा कण न् कण माखला जातो, मग मिरचीचे पाणी पीठ एकदम शोषून घेत नाही आणि सारण गोळा न होता भुसभुशीत राहते. घशात बसण्यावर हाच उपाय आहे. सारणाची परीक्षा अशी की मुठीत दाबल्यावर मूठ वळली पाहिजे आणि त्या गोळ्याला बोट लावताच तो फुटला पाहिजे. वळत नसेल तर तेल वाढवावे, पाणी नाही. सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालायचा असेल तर तो धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर बारीक चिरून अगदी शेवटी मिसळावा. लसण ज्यांना चालतो त्यांनी तो ठेचून तेलात आधी परतून घ्यावा, म्हणजे त्यातले पाणी निघून जाते.

जवस घालण्याची आपल्याकडे आवड आहे आणि मलाही ती चव फार प्रिय आहे. दोन चमचे भाजून कुटलेला जवस फल्लीच्या कुटातला तेवढाच भाग कमी करून घालावा. फक्त तो त्याच दिवशी कुटावा. जवसाचे तेल हवेला लागताच लवकर खवट होते आणि डब्यात महिनाभर पडलेली जवसाची पूड सगळ्या मिरच्यांना कडवट करते. पुष्कळदा बायका मिरचीला दोष देतात आणि दोष असतो डब्यातल्या जुन्या जवसाचा किंवा खोबऱ्याचा. जिथे बेसन परवडत नव्हते तिथे आमच्या माहेरी अर्धे ज्वारीचे पीठ घालत असत. ते पोटाला हलके पडते, पण त्याला तेल थोडे जास्त लागते.

भरताना हात राखावा. सारण वाफेवर फुगते, तेव्हा मिरची तीन चतुर्थांश भरावी, अंगठ्याने हलके दाबावी आणि चीर जवळजवळ मिटेल इतकीच जागा ठेवावी. दोरा बांधायची गरज मला कधी पडली नाही. वर राहिलेले सारण वाया जात नाही, ते शेवटी कढईत घालायचे असते.

आता विस्तवाकडे वळते, कारण चुलीवर करणाऱ्यांची खरी अडचण तिथे आहे. तुमच्याकडे, आमच्यासारखेच, तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, जळण असणार. पऱ्हाटी भरभर पेटते, जाळ मोठा देते आणि लवकर विझते. भाकरीला ती चांगली, पण भरल्या मिरचीचा तिने घात होतो, कारण कढईचा तळ एकदम तापतो आणि वर सांगितली ती वाफ क्षणात उसळते. चूल पऱ्हाटीने पेटवावी, नंतर बाभळीची दोन जाड लाकडे लावून त्यांचे निखारे होऊ द्यावेत, जळती लाकडे बाहेर ओढावीत आणि मिरच्या फक्त निखाऱ्यांवर कराव्यात. कढई जाड बुडाची, शक्यतो लोखंडी असावी. गॅस असेल तर सर्वांत लहान ज्योत आणि खाली तवा.

तीन मोठे चमचे तेल तापवून मोहरी आणि जिरे तडतडू द्यावे, कढई विस्तवावरून उतरवून क्षणभर थंड होऊ द्यावी आणि मग मिरच्या एकेक करून, चीर वर ठेवून, एका थरात मांडाव्यात. कडकडीत तेलात मिरची टाकली की तिखटाची वाफ घरभर होते आणि सगळ्यांना ठसका लागतो; तेल थोडे निवलेले असले की हे होत नाही. कढई परत ठेवून वर झाकण घालावे. पहिली चार मिनिटे उघडून पाहू नये. नंतर झाकण उचलताना ते आडवे धरून बाजूला न्यावे, म्हणजे त्याला जमलेले पाणी कढईत पडणार नाही. ते फडक्याने पुसून मग परत झाकावे. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण झाकणाचे पाणी उकळत्या तेलात आणि उघड्या चिरेवर पडते, आणि मी पाहिलेल्या फुटलेल्या मिरच्यांतल्या कितीतरी यामुळे फुटल्या आहेत. चार मिनिटांनी मिरच्या सराट्याने एका कुशीवर, तीन मिनिटांनी दुसऱ्या कुशीवर वळवाव्यात. तोवर चिरेतले सारण वाफेने धरलेले असते आणि मग चीर खाली करून एखादा मिनिट ठेवले तरी ते सांडत नाही, उलट त्याला खरपूस कड येते. उरलेले सारण आता भोवती पसरावे, झाकण काढून टाकावे आणि दोन-तीन मिनिटे परतावे. एकूण दहा ते बारा मिनिटे पुरतात. मिरचीच्या अंगावर तपकिरी ठिपके यावेत आणि देठाजवळ दाबल्यावर ती मऊ लागावी. देठाकडचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून तिथेच पाहावे.

मेक्सिकोच्या रीतीविषयी विचारले आहे. मिरची मुळात त्याच मुलखातली; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानात आली, तेव्हा मिरची भरण्याची त्यांची रीत आपण आदराने पाहावी. त्यांची पोब्लानो नावाची मिरची रुंद, गर्द हिरवी, जाड मांसाची आणि बेताची तिखट असते, पण तिची साल चिवट असते आणि शिजल्यावरही चावताना तोंडात वेगळी राहते. म्हणून ती जाळावर सगळीकडून काळी होईपर्यंत भाजतात, झाकून वाफवतात, साल सोलतात, आत चीज किंवा मांसाचे सारण घालतात आणि फेटलेल्या अंड्यात बुडवून तळतात. सोललेल्या मिरचीला आकार धरून ठेवायला ते अंड्याचे आवरण लागते. आपली पोपटी मिरची पातळ सालीची आहे. ती भाजून सोलली तर हातात लगदा येईल आणि सारण धरायला काही उरणार नाही. तेव्हा तुमच्या मिरच्यांना ही रीत लावू नये. सिमला मिरचीवर मात्र ती करून पाहण्याजोगी आहे, कारण तिची साल तशीच जाड असते आणि भाजल्याने तिला धुराची छान चव येते.

घरी पंचवीस-तीस माणसे जेवायला असतील तर कढईत थरावर थर लावण्याचा मोह टाळावा. खालच्या मिरच्या करपतात आणि वरच्या नुसत्या उबतात. मी अशा वेळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळते, वर चाळणी ठेवते, तिच्यात भरलेल्या मिरच्या चीर वर करून मांडते, त्यांच्यावर एक कोरडे फडके टाकून झाकण ठेवते आणि सहा-सात मिनिटे वाफवते. फडके झाकणाचे पाणी टिपून घेते. मग वाढायच्या आधी थोड्या थोड्या मिरच्या फोडणीत परतल्या की दहा मिनिटांत पंगत उठते. खोबरे आणि सांभार नसलेल्या मिरच्या थंडीत दोन दिवस टिकतात, शेतात भाकरीबरोबर न्यायला त्या उत्तम; उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवाव्यात.

उन्हाळ्याची गोष्ट निघाली म्हणून सांडग्या मिरचीचेही सांगते, कारण तिथे पाण्याचा हिशेब उलटा असतो आणि तो समजला की इथलाही समजतो. त्या मिरचीत धने, जिरे, थोडी मेथी, हिंग, हळद आणि मीठ दह्यात कालवून ओलेच भरतात, कारण ते पाणी काढून घ्यायला विस्तव नसून ऊन असते. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पाच-सहा दिवसांत मिरची कडकडीत वाळते आणि बरणीत वर्षभर राहते. मोडल्यावर कट्ट आवाज आला तरच ती भरून ठेवावी, वाकली तर आणखी एक दिवस ऊन द्यावे. तळताना आच मंद आणि वेळ अगदी थोडा. खिचडीवर किंवा वडाभातावर तिच्यासारखे दुसरे काही नाही.

राहिला तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न. त्यांच्यासाठी तीन-चार मिरच्या निराळ्या काढाव्यात, त्यांतली पांढरी शीर दोनदा खरवडावी आणि मीठ घातलेल्या ताकात त्या अर्धा तास बुडवून ठेवाव्यात. दूध-ताकातली प्रथिने तिखट द्रव्याला धरून ठेवतात, म्हणून हे साध्या पाण्याने होत नाही. जेवतानाही त्यांच्याजवळ पाण्याऐवजी ताकाचा पेला ठेवावा. ताकातून काढलेल्या मिरच्या आतून-बाहेरून नीट पुसाव्यात आणि तासभर कोरड्या होऊ द्याव्यात, नाहीतर त्याच नेमक्या फुटतील. त्यांच्या सारणात गूळ जरा जास्त आणि ओवा पूर्ण एक चमचा असू द्यावा. आणि या मिरच्यांचे देठ अर्धे कापून ठेवावेत, म्हणजे कढईत सगळ्या एकत्र शिजल्या तरी वाढताना कोणत्या त्यांच्या हे तुम्हाला चटकन ओळखता येईल.